सस्पेंडमधून उठल्यावर वाय-फाय कार्ड सापडत नाही? आधी त्याच्या सप्लायवर प्रोब लावा

लिनक्सवर चालणारा बोर्ड झोपतो (सस्पेंड होतो), बटण दाबलं की उठतो. स्क्रीन लागते, टच चालतो, सेन्सरचे आकडे येऊ लागतात, पण वाय-फाय नसतं. इंटरफेसची यादी काढली तर 'डब्ल्यूलॅन०' त्यात दिसत नाही. रीबूट केला की सगळं जागेवर. मग तुम्ही मुद्दाम दहा-वीस वेळा झोपवून-उठवून बघता, तेव्हा काहीच होत नाही, आणि दोन दिवसांनी तीच तक्रार परत येते.

यावर बहुतेक ठिकाणी एकच औषध सांगितलं जातं: झोपायच्या आधी ड्रायव्हरचं मॉड्यूल काढा, उठल्यावर परत घाला. सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या 'सिस्टम-स्लीप' फोल्डरात एक छोटी स्क्रिप्ट टाकायची, तिला 'प्री' आणि 'पोस्ट' असे दोन इशारे मिळतात, एकाला मॉड्यूल काढायचं आणि दुसऱ्याला घालायचं. मीही हेच केलं होतं आणि काही महिने ते चाललंही. पण चूक गेली नव्हती, फक्त क्वचित दिसू लागली होती, आणि क्वचित दिसणारी चूक पकडणं जास्त अवघड. शिवाय प्रत्येक झोपेनंतर इंटरफेस नव्याने जन्माला येणार, अ‍ॅपची उघडी कनेक्शनं तुटणार, नेटवर्क यायला काही सेकंद जास्त लागणार, हे वेगळंच.

म्हणून ही स्क्रिप्ट लावण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर काढा: झोपेच्या काळात कार्डाला वीज मिळते की नाही? डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय कसं जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) काय म्हणतं, ड्रायव्हर काय मानतो आणि बोर्डाच्या तांब्याच्या वाटांवर प्रत्यक्षात काय चाललंय, ही तीन उत्तरं एकच आहेत का? मी पाहिलेल्या बहुतेक केसेसमध्ये ती एक नव्हती.

झोपेत काय होतं

इथे लिनक्सबद्दल बोलतोय. सस्पेंडची आज्ञा आली की आधी युजर प्रोसेस गोठवल्या जातात. मग डिव्हाइस एकेक करून झोपवले जातात, पोटातले आधी, बाहेरचे नंतर: वाय-फाय ड्रायव्हर, मग तो ज्या बसवर बसलाय तिचा होस्ट कंट्रोलर (प्रोसेसरच्या बाजूने बस चालवणारा भाग, पुढे नुसता 'होस्ट'). शेवटी प्रोसेसर झोपतो आणि पीएमआयसीला (बोर्डाची वीज सांभाळणाऱ्या चिपला) झोपेचा सिग्नल जातो, तेव्हा पीएमआयसी ठरवून दिलेल्या रेल्स (वीजपुरवठ्याच्या लाइन) पाडतो, म्हणजे बंद करतो. उठताना हाच क्रम उलटा.

कार्ड या प्रवासातून दोन प्रकारे नीट बाहेर येऊ शकतं. एक, त्याची वीज पूर्ण वेळ चालू राहिली, फर्मवेअर आणि रजिस्टर जसेच्या तसे आहेत. दोन, वीज पूर्ण गेली, रेल शून्यावर आली, आणि उठल्यावर होस्टने त्याला कोऱ्या कार्डासारखं वागवलं: रीसेट, ओळख, फर्मवेअर, सगळं पहिल्यापासून. दोन्ही चालतं. त्रास देते ती मधली अवस्था. ३.३ व्होल्ट गेले पण आय-ओचे (सिग्नलच्या पिनांचे) १.८ व्होल्ट चालू राहिले, किंवा वीज चालू होती पण रीसेटची पिन मध्येच खाली गेली, किंवा वीज गेली पण ड्रायव्हरला ते कळलंच नाही.

आधी दुखणं कुठल्या थरात आहे ते बघा

इंटरफेसच नाही, तर बसवर कार्ड सापडलेलं नाही. एसडीआयओ (एसडी कार्डाच्या बसवरून जोडलेलं) कार्ड असेल तर लॉगमध्ये 'एमएमसी१: एरर -११० ड्युरिंग रिझ्यूम' अशी ओळ असते आणि तिच्या शेवटी कर्नल स्वतःच प्रश्न विचारतो, की कार्ड काढलं का? -११० म्हणजे टाइमआउट: होस्टने हाक मारली, कार्डाने ओ दिली नाही. त्याऐवजी -८४ दिसलं तर कार्डाने उत्तर दिलंय, पण सीआरसी (डेटातली चूक पकडणारा तपासणी-आकडा) जुळला नाही; तेव्हा क्लॉक, पिनची ताकद आणि आय-ओ व्होल्टेज यांच्याकडे वळा.

इंटरफेस आहे, पण स्कॅन केल्यावर काही येत नाही आणि लॉगमध्ये फर्मवेअरला दिलेल्या कमांडचे टाइमआउट दिसतात. हे बहुधा वीज गेल्याचं ड्रायव्हरला न कळल्याचं लक्षण. त्याला वाटतं आत फर्मवेअर चालू आहे, आत मात्र काहीच नाही.

इंटरफेस आहे, स्कॅन होतो, पण जोडणी होत नाही किंवा आयपी मिळत नाही. हे वरच्या थराचं काम. त्यासाठी स्कोप (ऑसिलोस्कोप) काढायची गरज नाही, त्याच्याकडे शेवटी येतो.

चूक मागाल तेव्हा घडवून आणा

हाताने बटण दाबत बसू नका. 'आरटीसीवेक' ही कमांड बोर्ड झोपवते आणि दिलेल्या सेकंदांनी आरटीसीच्या (बोर्डावरच्या घड्याळाच्या) अलार्मने उठवते. ती लूपमध्ये टाका आणि प्रत्येक फेरीनंतर इंटरफेस आहे का ते तपासून नोंद करा. झोपेचा कालावधी मात्र दर फेरीला बदला: २ सेकंद, ५ सेकंद, ३० सेकंद, १० मिनिटं. आमची चूक इतके दिवस निसटत राहिली त्याचं कारणच हे होतं की सगळे जण बोर्ड निवांत झोपवून, चहा पिऊन येऊन उठवत होते. कार्ड फक्त छोट्या झोपेनंतर गायब व्हायचं.

लूप सुरू करण्याआधी कर्नलच्या बूट आज्ञेत 'नो_कन्सोल_सस्पेंड' घाला, म्हणजे सिरियल कन्सोल शेवटपर्यंत बोलत राहील. 'सिस' खालच्या 'पॉवर' फोल्डरात 'पीएम_प्रिंट_टाइम्स' नावाची फाइल आहे, तिच्यात १ लिहिलं की प्रत्येक डिव्हाइसला झोपायला-उठायला किती वेळ लागला ते लॉगमध्ये येतं.

त्याच फोल्डरात 'पीएम_टेस्ट' आहे. मला या सगळ्यातलं हे सर्वांत उपयोगी हत्यार वाटतं, आणि आश्चर्य म्हणजे फार थोडे लोक ते वापरतात. कर्नल बनवताना पॉवर मॅनेजमेंटचं डीबग चालू ठेवलेलं असलं की ही फाइल दिसते. तिच्यात 'फ्रीझर', 'डिव्हायसेस', 'प्लॅटफॉर्म', 'प्रोसेसर्स', 'कोअर' यांपैकी एक शब्द लिहायचा आणि मग नेहमीसारखा सस्पेंड करायचा. कर्नल तेवढ्याच पायरीपर्यंत उतरतो, ५ सेकंद थांबतो आणि परत वर येतो.

'डिव्हायसेस' लिहून लूप चालवा. यात सगळे ड्रायव्हर झोपतात आणि उठतात, पण प्रोसेसर आणि पीएमआयसी खऱ्या झोपेत जात नाहीत. इथेच कार्ड गायब झालं, तर चूक ड्रायव्हर, एमएमसीचा थर (कर्नलमधला एसडीआयओ बस सांभाळणारा भाग) किंवा डिव्हाइस ट्रीने चालवलेला सप्लाय यांच्यात आहे. इथे शेकडो फेऱ्या सुरळीत गेल्या आणि खऱ्या झोपेतच कार्ड हरवलं, तर पीएमआयसी झोपेत कुठल्या रेल्स पाडतो आणि पिना कुठल्या अवस्थेत सोडल्या जातात, तिकडे जा. एक सूचना: काही बदललं नाही तर हा थांबा ५ सेकंदांचाच असतो, त्यामुळे फक्त दोन-तीन सेकंदांच्या झोपेत दिसणारी चूक या चाचणीतून निसटू शकते. आमची निसटली होती.

स्कोपवर काय दिसलं

आमचं कार्ड एसडीआयओवरचं, एकाच चिपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ. ३.३ व्होल्ट एका लोड स्विचमधून (वीज चालू-बंद करणाऱ्या चिपमधून) यायचे आणि झोपताना एमएमसीचा थर तो स्विच बंद करायचा. कागदावर सगळं बरोबर.

चॅनल एकवर ३.३ची रेल, दोनवर रीसेटची पिन, तीनवर एसडीआयओची कमांड लाइन, असे तीन प्रोब लावले आणि बोर्ड झोपवला. रेल पडायला लागली, झपकन १.२ व्होल्टपर्यंत आली, आणि तिथे थबकली. तिथून पुढे ती अगदी सावकाश उतरत होती. २ सेकंदांनी बोर्ड उठला तेव्हा रेल शून्याच्या आसपासही नव्हती. ती तिथूनच वर चढली, चिपला वीज गेल्याचं कळलंच नाही, तिचा आतला पॉवर-ऑन रीसेट लागला नाही, आणि कमांड लाइनवर होस्टच्या हाका एकामागून एक जात राहिल्या. उत्तर शून्य. लॉगमध्ये तेच -११०.

रेल थबकली का? ब्लूटूथसाठी चिपला जाणारा यूएआर्ट (सिरियल पोर्ट). प्रोसेसरकडून येणाऱ्या त्याच्या लाइन झोपेतही वर होत्या, म्हणजे त्यांच्यावर व्होल्टेज होतं. वीज नसलेल्या चिपच्या पिनवर वर असलेली लाइन आली, की चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून ती वीज सप्लायच्या रेलवर शिरते. मागच्या दाराने चिपला वीज मिळत होती, जेमतेम, पण मरू न देण्याइतकी. बाहेरून येणारं ३२ किलोहर्ट्झचं स्लीप क्लॉक आणि एसडीआयओच्या पुल-अप (लाइन वर ओढून ठेवणाऱ्या) रेझिस्टरमधूनही हेच होऊ शकतं, म्हणून एकच वाट बंद करून थांबू नका.

मग बाकीची कोडीही सुटली. रीबूटने बरं का व्हायचं? कारण आमच्या बोर्डावर रीबूटमध्ये पीएमआयसी सगळ्याच रेल्स पाडतो, यूएआर्टच्या लाइनही खाली जातात. मॉड्यूल काढणाऱ्या स्क्रिप्टने चूक कमी का व्हायची? कारण आमच्या डिव्हाइस ट्रीत 'कॅप-पॉवर-ऑफ-कार्ड' होतं. मॉड्यूल निघालं की कार्डाचा सप्लाय तेव्हाच बंद व्हायचा आणि रेलला उतरायला थोडा जास्त वेळ मिळायचा. म्हणजे स्क्रिप्टने काही दुरुस्त केलं नव्हतं, वेळ विकत घेतला होता.

इलाज तीन केले. यूएआर्टच्या पिनांना झोपेसाठी वेगळी पिन-कंट्रोल अवस्था लिहिली, त्यात त्या खाली ओढल्या. रीसेटची पिन बोर्डावर जोडलेली होती पण डिव्हाइस ट्रीत तिचा उल्लेखच नव्हता. तिच्यासाठी 'एमएमसी-पीडब्ल्यूआरसेक-सिंपल' नोड लिहिला, त्यामुळे वीज जाताना रीसेट खाली जातो, वीज आल्यावर वर येतो, आणि 'पोस्ट-पॉवर-ऑन-डिले-एमएस'मध्ये चिपच्या डेटाशीटने मागितलेला अवधी देता येतो. आणि बोर्डाच्या पुढच्या आवृत्तीत लोड स्विच असा निवडला, जो बंद झाल्यावर आउटपुट स्वतःच जमिनीला ओढून रिकामं करतो. यातला एकच करायचा असेल तर रीसेटची पिन आधी करा. रेल पूर्ण उतरली नाही तरी खरा रीसेट मिळालेली चिप बहुधा नीट उठते.

वीज चालू ठेवायची असेल तर

काही वेळा कार्डाची वीज तोडायचीच नसते. लवकर जोडणी हवी असते, किंवा नेटवर्कवरून बोर्ड उठवायचा असतो. एसडीआयओसाठी डिव्हाइस ट्रीत होस्टच्या नोडमध्ये 'कीप-पॉवर-इन-सस्पेंड' लिहायचं. पण तेवढ्याने काम होत नाही, आणि इथेच पुष्कळ जण अडकतात. ती ओळ होस्टची क्षमता सांगते, मागणी ड्रायव्हरने करायची असते. प्रत्येक झोपेच्या वेळी ड्रायव्हरने होस्टला 'वीज ठेव' असा झेंडा लावावा लागतो. त्याने तो लावला नाही तर एमएमसीचा थर वीज तोडणार. आणि ड्रायव्हरकडे झोपायची-उठायची फंक्शनंच नसतील, तर कर्नल झोपण्याआधी कार्डच काढून टाकतो आणि उठल्यावर नव्याने शोधतो.

तिसरी बाजू पीएमआयसीची. रेग्युलेटरच्या नोडमध्ये 'रेग्युलेटर-स्टेट-मेम' आणि त्याच्या आत 'रेग्युलेटर-ऑन-इन-सस्पेंड' हवं. 'रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका: ते चालू काळात रेग्युलेटर बंद होऊ देत नाही, झोपेचा सिग्नल मिळाल्यावर पीएमआयसी त्याच्या झोपेच्या रजिस्टरमध्ये लिहिलंय तसं वागतो. मुख्य सप्लाय आणि आय-ओचा सप्लाय, दोन्हींसाठी हे बघा. रीसेटची पिन जीपीआयओ एक्स्पांडरवर (जास्तीच्या पिना देणाऱ्या चिपवर) असेल तर त्या एक्स्पांडरची वीज झोपेत टिकते का, हेही. एक्स्पांडर झोपेत गेला, पिन सुटली, कार्ड रीसेट झालं, आणि ड्रायव्हर त्याला जुन्या ओळखीने हाका मारत बसला, ही माझ्या पाहण्यातली दुसरी केस.

कार्डाने बोर्ड उठवायचा असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. चार बिटांच्या एसडीआयओमध्ये इंटरप्ट डेटा-१ या लाइनवरूनच येतो. वेक चालू असेल तर कर्नल झोपताना बस एक बिटावर आणतो आणि उठल्यावर पुन्हा चारवर नेतो. त्यामुळे ती लाइन झोपेतही प्रोसेसरला दिसेल अशा पिनवर, पुल-अपसह, असली पाहिजे.

यूएसबी आणि पीसीआयई

यूएसबीचं कार्ड असेल तर तपास सोपा. पोर्टची वीज झोपेत जाते का, ते व्ही-बसवर (यूएसबीच्या वीज-लाइनवर) मीटर लावून बघा. जात असेल तर उठल्यावर यूएसबीचा थर पोर्ट रीसेट करून तेच डिव्हाइस परत ओळखायचा प्रयत्न करतो, आणि ड्रायव्हरमध्ये 'रीसेट-रिझ्यूम' लिहिलेलं नसेल तर त्याला सोडून पुन्हा जोडतो. डिव्हाइसच्या 'पॉवर' फोल्डरात 'पर्सिस्ट' १ आहे का बघा. नुसत्या रिझ्यूमने न उठणाऱ्या कार्डासाठी 'यूएसबीकोअर.क्वर्क्स' या बूट पॅरामीटरमध्ये त्याचा आयडी आणि पुढे 'बी' हे इंग्रजी अक्षर दिलं की प्रत्येक वेळी रीसेट होतो. चालू बोर्डावरच कार्ड अधूनमधून पडत असेल तर ते सस्पेंडचं नसून ऑटोसस्पेंडचं प्रकरण असू शकतं, 'यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड' -१ करून एक दिवस चालवून बघा.

पीसीआयईवर कार्ड मेलं की त्याच्या रजिस्टरमधून सगळे एक वाचले जातात, हेक्समध्ये आठही एफ. लॉगमध्ये हा आकडा दिसला की ड्रायव्हरशी भांडण थांबवा, लिंकच गेलेली आहे. वीज स्थिर झाल्यावर किमान १०० मिलिसेकंद रीसेट धरून ठेवायला स्टँडर्ड सांगतं. होस्टचा ड्रायव्हर बूटमध्ये हे पाळतो पण रिझ्यूममध्ये विसरतो, असं होऊ शकतं. डिव्हाइसच्या 'रिमूव्ह'मध्ये १ लिहून मग बसच्या 'रीस्कॅन'मध्ये १ लिहिलं की कार्ड परत येतं का बघा. 'डी३कोल्ड_अलाउड' (कार्डाची वीज पूर्ण तोडायची परवानगी) शून्य करूनही एक लूप चालवा. त्याने फरक पडला तर कार्डाची वीज तोडण्याचा-देण्याचा क्रमच चुकतोय.

फर्मवेअरची फाइल सापडत नाही

लॉगमध्ये 'डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड, एरर -२' आलं आणि फाइल तर जागेवर आहे, तर घोळ वेळेचा आहे. रिझ्यूमच्या त्या क्षणी फाइल ज्या स्टोरेजवर आहे तेच अजून उठलेलं नसतं. हे टाळण्यासाठी कर्नलमध्ये सोय आहे: ज्या ड्रायव्हरने आधी फर्मवेअर मागितलंय त्याची फाइल झोपण्याआधीच मेमरीत आणून ठेवली जाते. ही सोय, म्हणजे फर्मवेअर कॅश, तुमच्या कर्नलमध्ये चालू आहे ना ते बघा. कर्नलबाहेरून आलेले काही ड्रायव्हर मात्र नेहमीच्या वाटेने न जाता फाइल थेट उघडतात, त्यांना या कॅशचा फायदा मिळत नाही. तसा ड्रायव्हर पदरी पडला असेल तर फाइल उघडण्याचा तो भाग बदलून नेहमीच्या वाटेवर आणा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

बोर्ड झोपतच नाही, किंवा लगेच उठतो

सस्पेंड -१६ देऊन परत आला, म्हणजे कुणीतरी 'मी कामात आहे' म्हणालं. 'डीबगएफएस'मधली 'वेकअप_सोर्सेस' ही यादी काढा, 'सस्पेंड_स्टॅट्स'मध्ये शेवटचा अडलेला डिव्हाइस कोणता ते बघा. लगेच उठत असेल तर 'पीएम_वेकअप_आयआरक्यू'मध्ये उठवणाऱ्या इंटरप्टचा नंबर मिळतो.

नेटवर्कवरून उठवणं चालू असेल तर 'आयडब्ल्यू' कमांडने कोणते ट्रिगर लावलेत ते तपासा. फक्त मॅजिक पॅकेट (मुद्दाम उठवण्यासाठी पाठवलेलं पॅकेट) हवं असताना 'एनी' लावलं, तर शेजारचा कुठलाही ब्रॉडकास्ट बोर्डाला उठवेल. बोर्ड ठराविक अंतराने उठत असेल, किंवा झोपेत तितक्याच अंतराने जोडणी तुटत असेल, तर राउटरच्या ग्रुप की (सगळ्या जोडलेल्या उपकरणांना सामायिक असलेली किल्ली) बदलण्याच्या वेळेशी ते अंतर ताडून बघा. प्रोसेसर झोपलेला असताना नवी की स्वीकारायचं काम कार्डाच्या फर्मवेअरला जमलं पाहिजे. ते जमत नसेल तर की बदलली की जोडणी गेली.

इंटरफेस आहे, नेट नाही

'आरएफकिल'ची (वायरलेस बंद-चालू करणाऱ्या सोयीची) यादी बघा, कुणी सॉफ्ट ब्लॉक लावून ठेवला असेल. इंटरफेसचं नाव 'डब्ल्यूलॅन१' तर झालं नाही ना? कार्ड नव्याने जोडलं गेलं आणि जुनं नाव अजून मोकळं झालं नव्हतं, की असं होतं. मॅक पत्त्यावरून नाव पक्कं करणारा यूडेव्हचा नियम लिहा. 'डब्ल्यूपीए सप्लिकंट' (वाय-फायची जोडणी करणारा प्रोग्राम) स्वतः चालवत असाल तर 'डब्ल्यूपीए_सीएलआय'मधून त्याला सस्पेंड आणि रिझ्यूम कळवता येतं. जोडणी झाली पण पिंग अडखळतोय, तर कार्डाचा पॉवर सेव्ह बंद करून फरक पडतो का बघा.

दुरुस्ती झाल्यावर लूप पुन्हा चालवा, रात्रभर, २ सेकंदांपासून १० मिनिटांपर्यंतच्या झोपा मिसळून, आणि ब्लूटूथ जोडलेलं असताना एकदा, नसताना एकदा. बॅटरी भरलेली असताना आणि उतरत आलेली असताना रेल्सचं वागणं बदलतं, तेव्हा दोन्हीकडे चालवा. कार्ड बदलून दुसऱ्या बॅचचं लावलं, लोड स्विच बदलला, यूएआर्टच्या पिना हलवल्या, तर ३.३च्या रेलवर पुन्हा प्रोब लावा. आमच्या बोर्डावर आता सस्पेंडनंतर रेल १०० मिलिसेकंदांच्या आत शून्यावर येते, आणि 'सिस्टम-स्लीप' फोल्डरातली ती स्क्रिप्ट काढून टाकली आहे.